बर्फ तोच, ब्लेड तीच, मग सिमल्यात पोरीचा वेग रोज वेगळा का?

उद्यमनगर_ग्राइंडर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं सरफेस ग्राइंडिंगचं, म्हणजे धातूचे भाग दगडावर घासून सपाट करायचं, छोटं वर्कशॉप आहे. २२ वर्षं हेच काम. शिक्षण आयटीआय. फिजिक्स शाळेत झालं तेवढंच, पण मोजमाप ही माझी रोजीरोटी आहे. त्यामुळं खाली जे आकडे देतोय ते स्टॉपवॉच लावून वहीत लिहिलेले आहेत, अंदाजपंचे नाहीत.

मुलगी नववीत आहे. सहा वर्षांची होती तेव्हापासून स्केटिंग करते, आधी चार चाकी, आता इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेलं. गेली दोन वर्षं तिनं एकच धोशा लावला होता, बाबा मला खऱ्या बर्फावर पळायचंय. शेवटी जानेवारीत निजामुद्दीन एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथनं कालका, आणि पुढं छोट्या गाडीनं सिमला गाठलं. दहा दिवस राहिलो. लक्कड बाजारच्या खालचं रिंक १९२० पासून चालू आहे आणि तिथं बर्फ यंत्रानं करत नाहीत. रात्री पाणी मारतात, उघड्या आभाळाखाली ते गोठतं, सकाळी आणि संध्याकाळी त्यावर स्केटिंग. मला हे बघून लई भारी वाटलं. एवढं मोठं मैदान, आणि त्याचा सगळा कंप्रेसर म्हणजे वरचं आभाळ.

आता प्रश्न. रोज सकाळी गर्दी व्हायच्या आत पोरगी पाच फेऱ्या मारायची आणि मी कठड्याला टेकून वेळ घ्यायचो. स्केट्स त्याच, पोरगी तीच, फेरीसुद्धा त्याच चार खुणांच्या बाहेरनं. तरी वेळ सारखी येत नव्हती. तीन दिवस मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या दिवशी रात्रभर आभाळ निरभ्र होतं. पहाटे मोबाईल १ अंश दाखवत होता, म्हणजे शून्याच्या वर, तरी बर्फ काचेसारखा टणक. पाच फेऱ्या १ मिनिट ५२ सेकंद.

पाचव्या दिवशी रात्री ढग आले. मोबाईलवर ३ अंश. बर्फावर ओलसर चकाकी आलेली. मला वाटलं, पाणी आलंय म्हणजे आज आणखी घसरणार, आज रेकॉर्ड होणार. वेळ आली २ मिनिटं ३ सेकंद. पोरगी म्हणाली, पाय रुततोय. मागं वळून बघितलं तर ब्लेडनं बर्फात नांगरल्यासारखी रेघ पाडलेली.

सातव्या दिवशी परत निरभ्र, मोबाईल उणे २. आज तरी पळणार म्हटलं, तर २ मिनिटं १ सेकंद. त्या दिवशी बर्फावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखा पांढरा थर होता. अर्ध्या तासानं तिथल्या माणसांनी झाडूनं तो काढला, पोरगी परत उतरली आणि १ मिनिट ४९! दहा दिवसांतली सगळ्यात चांगली वेळ. आभाळ तेच, बर्फ तोच, मध्ये फक्त झाडू फिरला.

आणखी एक. लहानपणी पुस्तकात वाचलेलं, की ब्लेडच्या दाबानं बर्फ वितळतो आणि म्हणून स्केट पळतो. घरी आल्यावर मी ब्लेडला निळा रंग लावून सरफेस प्लेटवर, म्हणजे एकदम सपाट पाट्यावर, टेकवून बघितलं. ब्लेडला लांबीत बाक असतो, त्यामुळं प्लेटला लागते ती मधली साधारण ५० मिलिमीटर, रुंदी ३ मिलिमीटर. पोरीचं वजन ४० किलो. एवढ्या दाबानं उणे पाच-सातचा बर्फ खरंच वितळतो का? मला पटत नाही. आमच्याकडं प्रेसखाली याच्या कित्येक पट दाब असतो.

तर जाणकारांनी सांगावं. बर्फावर पळायला नेमकी कुठली हवा चांगली? मोबाईलवरच्या तापमानाशी वेळ का जुळत नाही? आणि ब्लेडला धार लावताना हवेप्रमाणं मी काही बदलायला पाहिजे का? डिसेंबरात परत जायचंय, पोरगी आत्तापासून दिवस मोजतेय.

निवृत्त_फिजिक्सबाई

तुमची वही वाचून फार आनंद झाला. ३१ वर्षं कोल्हापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, आणि दाबानं बर्फ वितळण्याचं ते उदाहरण मीही बरीच वर्षं तसंच सांगत आले. मग एकदा हिशेब करून पाहिला. तुमच्याच आकड्यांनी करू या.

५० गुणिले ३ म्हणजे १५० चौरस मिलिमीटर. ४० किलोचं वजन म्हणजे साधारण ४०० न्यूटन. भागाकार केला की दाब येतो वातावरणाच्या दाबाच्या २६-२७ पट. बर्फाचा वितळणबिंदू एका वातावरणाच्या दाबामागे खाली येतो सुमारे ०.००७ अंश. म्हणजे सगळं मिळून फक्त ०.२ अंश. नुसत्या दोन्ही कडाच टेकल्या आणि क्षेत्रफळ दहापट कमी झालं, तरी २ अंश. उणे ७ च्या बर्फाला त्यानं काहीच होत नाही. तुम्हाला पटलं नाही ते बरोबरच होतं. दाबाचं हे स्पष्टीकरण १८८६ मध्ये जॉन जोली यांनी स्केटिंगला लावलं आणि ते पुस्तकांतून शंभर वर्षं चालत राहिलं.

१९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज या दोघांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या बर्फाच्या गुहेत प्रयोग केले आणि दाखवलं, की वितळवण्याचं काम मुख्यतः घर्षणाची उष्णता करते. त्याचाही हिशेब करा, तुम्हाला आवडेल, कारण उत्तर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात येतं. बर्फावर स्केटचा घर्षणांक ०.००५ च्या आसपास असतो. ४०० न्यूटनला घर्षणबल आलं २ न्यूटन. पोरगी सेकंदाला ८ मीटर गेली, तर १६ वॅट उष्णता. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल लागतात, म्हणजे सेकंदाला ०.०५ ग्रॅमहून थोडं कमी पाणी होईल. ते पसरलं कुठं? ८ मीटर लांब आणि ३ मिलिमीटर रुंद पट्टीवर. जाडी आली २ मायक्रॉन. तीही सगळी उष्णता वितळण्यातच खर्च झाली तर. प्रत्यक्षात बरीच उष्णता पोलादात आणि खालच्या बर्फात मुरते, त्यामुळे थर आणखी पातळ. तुमची मुलगी एवढ्याशा पाण्यावर पळते.

पण माणूस बर्फावर नुसता उभा असला तरी पाय सटकतो. तिथं घर्षणाची उष्णता कुठली? त्याचं उत्तर मायकेल फॅरडेंनी १८५० मध्येच सुचवलं होतं. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना टेकवले की ते जुळून एक होतात. गोळेवाल्याच्या पेटीत तळाचे तुकडे जुळून बसतात, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. फॅरडे म्हणाले, बर्फाच्या पृष्ठभागावर शून्याच्या खालीसुद्धा पातळ द्रवासारखा थर असला पाहिजे. आज आपण असं म्हणतो, की सगळ्यात वरच्या रेणूंना धरायला वरच्या बाजूनं शेजारी नसतात, त्यामुळे ते सैल असतात आणि जागच्या जागी घरंगळतात. बर्फ जितका गार, तितके हे रेणू जखडलेले.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. पोलादाच्या ब्लेडला सगळ्यात कमी घर्षण लागतं ते उणे ७ अंशांच्या आसपास. डच संशोधकांनी १९९२ मध्ये स्केटरच्या पायातल्या स्केटवरच बल मोजायची साधनं बसवून हे पाहिलं. उणे ६ ते उणे ९ या पट्ट्यात घर्षण सर्वांत कमी, आणि सरळ धावेपेक्षा वळणावर थोडं जास्त. २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या गटानं शून्यापासून उणे १०० पर्यंत मोजलं, तेव्हाही तळ उणे ७ लाच सापडला. त्याच्या खाली जाल तसे रेणू जखडत जातात आणि घर्षण वाढतं. उणे १०० ला तर बर्फाचा निसरडेपणाच संपतो. आणि उणे ७ वरून शून्याकडे याल तसा बर्फ मऊ पडतो, ब्लेड त्यात बसते आणि पुढचा बर्फ ढकलत जाते. रेणू मोकळे झाल्याचा जो फायदा, तो या नांगरण्यात बुडतो. तुमची पाचव्या दिवशीची रेघ म्हणजे हेच नांगरणं. पाणी जास्त म्हणजे घसरण जास्त, हे चपलेच्या सपाट तळव्याला लागू पडतं. ब्लेडला नाही.

राहिला मोबाईल. तो सांगतो हवेचं तापमान, आणि मुलगी पळते बर्फावर. डिसेंबरात पहाटे रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या बघा. उघड्यावर रात्रभर लावलेल्या मोटरसायकलची सीट दवानं चिंब असते, पत्र्याच्या शेडखालची कोरडी. हवा दोन्हीकडे तीच. उघडी सीट रात्रभर आभाळाकडे उष्णता फेकत राहते आणि हवेपेक्षा गार होते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला हिवाळ्यात दव गोठून हिमकण पडतात, तेव्हा हवा बहुतेक वेळा शून्याच्या वरच असते. सिमल्याचं रिंक याच तत्त्वावर चालतं. निरभ्र रात्री हवा १ अंश असली तरी बर्फाचा पृष्ठभाग त्याहून कितीतरी खाली गेलेला असतो. ढग आले की आभाळावर वाकळ पडल्यासारखं होतं, खालून गेलेली उष्णता ढग परत पाठवतात आणि बर्फ शून्याजवळच रेंगाळतो.

सातव्या दिवशीची तुमची पिठीसाखर म्हणजे हिमकणांचा थर. हवेतलं बाष्प गार बर्फावर थेट गोठून त्याचे उभे स्फटिक तयार होतात. खाली बर्फ उत्तम होता, त्यावर खरखरीत कण बसले होते. झाडू फिरला आणि तुम्हाला तुमचा १:४९ मिळाला. तुमच्या धंद्यात सांगायचं तर जॉब चांगला होता, वर ग्रिट, म्हणजे दगडाची कणी पडली होती.

एक गोष्ट राहिली, हवेचा विरोध. सेकंदाला ८ मीटर वेगाला ताठ उभ्या मुलीला हवा मागं ओढते साधारण १० न्यूटन किंवा जास्त, आणि बर्फ ओढतो २. म्हणजे झगडा मुख्यतः हवेशी आहे. सिमला सुमारे २२०० मीटरवर, आपण साडेपाचशेच्या वर. थंडीमुळे हवा थोडी घट्ट होते, तरी तिथली हवा आपल्याकडच्यापेक्षा दहाएक टक्के विरळ भरते. लांब पल्ल्याच्या स्पीड स्केटिंगचे बहुतेक जागतिक विक्रम अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी आणि कॅनडातलं कॅलगरी इथल्या उंचावरच्या दोन रिंकांवर झाले, त्याचं हे मोठं कारण. तेव्हा वेळ लिहिताना वाऱ्याचीही नोंद करा आणि तिला कंबरेत वाकून पळायला लावा.

लादीवाला_कोल्हापूर

बाई, लई सोपं करून सांगितलंत. मी बर्फ कारखान्यात कामाला हाय, १७ वर्षं. मला आकडेमोड येत नाही पण हे सगळं रोज हातानं बघतोय.

आमच्यात मिठाच्या पाण्याची टाकी असती, उणे दहाच्या आसपास. त्यात कॅन बुडवून ठेवतो. लादी तयार झाली की कॅन वर काढून आधी साध्या पाण्यात बुडवायचा, मग कडेचा बर्फ सुटतो आणि लादी सर्र्कन बाहेर येती. आता गंमत बघा. बाहेर आल्याबरोबर अंगावरचं पाणी परत गोठतं, कारण आतनं लादी गारढोण असती. त्या टायमाला ती कोरडी. ओला हात लावला तर चिकटतो, कातडं ओढल्यागत होतं. फरशीवर ओढली तर करकर वाजती आणि आकडीला जोर लागतो. नवीन पोरगं असलं की म्हणतं, बर्फ असून घसरत का नाही? त्याला सांगायचं, थांब जरा. दहा-पंधरा मिनिटांनी लादी घाम सोडती. मग तीच लादी एका हातानं पाहिजे तिकडं न्या.

पण लई वेळ झाला, मे महिन्यात दारात पडून ऱ्हायली, की खालनं पाणी-पाणी. तवा लादी सरकती खरी, पण कड मऊ पडलेली असती आणि फरशीच्या सांध्यात बसती. मग हलवाय दोघं लागतात. म्हणजे मधलाच टाइम चांगला. बाई म्हणत्यात तसंच की.

आणि ते पांढरं पीठ पावसाळ्यात आमच्याकडं पण येतं. जुलैत हवा ओली असती, नवी लादी काढली की बघता बघता मखमल आल्यागत पांढरी होती. एप्रिलच्या कोरड्या हवेत तेवढी होत नाही.

ग्राइंडरवाले दादा, तुम्हाला ब्लेड घासून बघायची असंल तर या कधी पण. दुपारी तीननंतर जरा निवांत असतंय. मालकाला मी विचारतो.

शिरोळचा_फौजी

जय हिंद. मी सियाचीनला एक टेन्युअर केलाय. स्केटिंगचं मला माहीत नाही, पण सामान भरलेली स्लेज दोरीनं ओढलीय, त्यावरनं सांगतो.

उणे ३५-४० ला बर्फ घसरत नाही. वाळूत ढकलगाडी ओढल्यासारखं होतं. पायाखाली कर्रकर्र आवाज येतो, तो आवाज जितका कोरडा तितकी स्लेज जड. दोन दिवसांनी हवा जरा नरम झाली की तीच स्लेज तेवढ्याच माणसांत हलकी वाटायची. दक्षिण ध्रुवावरनं परतताना कॅप्टन स्कॉटच्या लोकांचे १९१२ मध्ये हेच हाल झाले. गारठलेला बर्फ वाळूसारखा झाला आणि माणसं स्लेज ओढून ओढून संपली. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा माझ्या खांद्यावर दोरीचा वळ आठवला.

बूट मात्र उलटे. कडक थंडीत रबराचा सोल बर्फाला धरतो. दुपारी ऊन पडून वरती पाण्याचा हात फिरला की तोच सोल साबणावर ठेवल्यासारखा. आमची जास्तीत जास्त माणसं दुपारीच आपटायची. ग्राइंडरभाऊ, पोरीला सांगा, रिंकच्या बाहेर चालताना सकाळपेक्षा ऊन पडल्यावर जपायचं. सिमल्याचा उतार लई वाईट.

राजारामपुरी_ते_कॅलगरी

मी मूळचा राजारामपुरीचा, नऊ वर्षं कॅलगरीत आहे. बाईंनी ज्या रिंकचा उल्लेख केला ते इथलंच, १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी बांधलेलं, ४०० मीटरचं आणि छताखालचं. आत गेलं की सगळं मोजून मापून, बर्फाचं तापमान ठरलेलं, वारा नाही. पण मी आणि मुलं जास्त करून बाहेर, बाउनेस पार्कच्या गोठलेल्या पाण्यावर जातो, आणि तिथं हवामानच मालक आहे.

उणे २५ ला मुलं चार ढकल्या मारतात आणि थांबतात. सरकतच नाही. उणे ६-७ असेल त्या रविवारी त्यांना घरी आणणं कठीण. आणि इथं चिनूक म्हणून वारा येतो, रॉकी पर्वत उतरून आलेला कोरडा, गरम वारा. सकाळी उणे १५ असलेली हवा संध्याकाळी शून्याच्या वर नेतो. त्या दिवशी बर्फ वरून सडतो. ब्लेड कडेला गेली की ढलप्या निघतात.

तुम्हाला उपयोगी अशी एकच गोष्ट सांगतो. ब्लेड गरम ठेवू नका. आम्ही पहिल्या वर्षी हीटर लावलेल्या गाडीतून थेट बर्फावर उतरायचो. गरम पोलाद आधी बर्फ जास्त वितळवतं, ते पाणी ब्लेडला धरून गोठतं आणि खाली खडे जमतात. आता स्केट दहा मिनिटं बाहेर ठेवतो, कोरड्या फडक्यानं पुसतो, मग उतरतो. ल्यूज आणि बॉबस्ले या बर्फाच्या उतारावरून स्लेज पळवायच्या खेळांत गरम पोलाद उलट जास्त पळतं, म्हणून तिथं नियमच आहे. स्लेजखालच्या पोलादी पट्ट्या गरम करून उतरायला बंदी, आणि शर्यतीआधी त्यांचं तापमान तपासतात. आपल्या शिवा केशवननं मनालीच्या रस्त्यांवर चाकं लावून सराव केला आणि १९९८ ते २०१८ अशा सहा हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज चालवली. तुमची मुलगी चाकांवरून बर्फावर गेली हे वाचून पहिल्यांदा तोच आठवला.

उद्यमनगर_ग्राइंडर

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, २ मायक्रॉनचा हिशेब मी पोरीला वहीत उतरवून दिला. आमच्यात २ मायक्रॉन म्हणजे फायनल पासला टेबलावर वाकून डायलकडं श्वास धरून बघायचं काम. ती एवढ्यावर पळते, हे कळल्यावर ती रात्री जेवताना बोललीच नाही, नुसती हसत होती.

धारेचं राहिलं. तिची स्केट हॉकीची आहे, तळाला लांबीत गोल खाच असते, त्यामुळं दोन कडा उभ्या राहतात. खाच खोल केली तर कड जास्त धरते, उथळ केली तर ब्लेड बर्फावर वर राहते. मग मऊ बर्फाच्या दिवशी उथळ, आणि टणक दिवशी खोल, असं बरोबर का? आणि फिनिश किती बारीक काढू?

निवृत्त_फिजिक्सबाई

दिशा बरोबर आहे. मऊ बर्फात कडा खोल जातात आणि नांगरणं वाढतं, तिथं उथळ खाच बरी. टणक बर्फात कड शिरतच नाही, वळणावर मुलगी बाहेर फेकली जाईल, तिथं थोडी खोल चालेल. पण ती अजून शिकतेय. दोन जोड्यांच्या दोन तऱ्हा केल्या तर तिच्या पायाला सवय लागणार नाही. एकच मधली ठेवा. फिनिशबद्दल माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. मी एवढंच म्हणेन, की ग्राइंडिंगच्या दगडाच्या रेघा ब्लेडच्या लांबीत जाऊ द्या, आडव्या नकोत, आणि कडेची बर, म्हणजे घासल्यावर उरलेली धातूची बारीक कोर, पूर्ण काढा. २ मायक्रॉनच्या पाण्यात १० मायक्रॉनची बर ही सुरी होते.

आणि डिसेंबरात तापमान मोजायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर न्या, कोरोनात कपाळावर धरायचे त्यातलाच, पण उणे अंश दाखवणारा. बर्फावर तो चांगला चालतो. चकचकीत पोलादावर धरू नका, चुकीचं वाचेल.

उद्यमनगर_ग्राइंडर

गुरुवारी बर्फ कारखान्यात जाऊन आलो. लादीवाल्या भाऊंनी मालकाची परवानगी आधीच काढून ठेवली होती, वर चहा पण पाजला. पोरगी शाळा सुटल्यावर थेट तिथंच आली, दप्तरासकट.

बाई, तुम्ही म्हणालात म्हणून नवा थर्मामीटर घेतला. एक लादी कॅनमधनं काढून लाकडी ओंडक्यांवर आडवी ठेवली, स्पिरिट लेव्हल लावून सपाट केली. स्केटच्या बुटात वजनं भरून एकूण १० किलो केलं, पुढच्या टोकाला दोरी आणि दोरीला ताणकाटा. ब्लेड आधी तासभर त्यांच्या गार खोलीत ठेवली होती, कॅलगरीच्या दादांनी सांगितलं तसं.

लादी नुकतीच निघालेली, थर्मामीटर उणे ८. हळू ओढलं तर काटा ५०० ग्रॅमच्या वर. पोरीनं विचारलं, बाबा, उणे ८ ला तर भारी पळायला पाहिजे ना? मलाही तोच प्रश्न पडला होता. मग लादीवर तिरका टॉर्च मारला, तेव्हा दिसलं, वर बारीक पांढरी मखमल आलेली. लादीवाल्या भाऊंनी कोरड्या गोणपाटानं पुसून काढली. परत ओढलं, काटा एकदम ३५० च्या खाली. माझ्या डोळ्यांसमोर सिमल्याचा झाडू आला. हळू ओढण्यात ब्लेडखाली पाणी व्हायला वेग मिळत नाही, म्हणून हा आकडा बाईंच्या ०.००५ पेक्षा कितीतरी मोठा येणार, हे मी धरूनच चाललोय. मला फक्त फरक बघायचा होता.

मग थांबलो. थर्मामीटर उणे ५, उणे ३ असा चढत गेला. उणे ३ च्या आसपास काटा २५० ला आला. लादीनं घाम सोडला, शून्य दाखवायला लागलं, तेव्हा पहिल्या दोन खेपांना आणखी हलकं लागलं. मला वाटलं, आपला सिद्धांत गेला. पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याच जागेवरनं ओढताना काटा वर चढला आणि ब्लेड बाजूला घेतल्यावर खाली रेघ दिसली. मी नख घालून बघितलं, नख अडकत होतं. पोरगी म्हणाली, हीच ती, पाचव्या दिवसाची.

म्हणजे ओलं बर्फ पहिल्यांदा जाणाऱ्याला हलकं आणि मागनं येणाऱ्याला जड. सिमल्यात पाचव्या दिवशी आमच्या आधी एक घोळका पळून गेला होता, ते मी वहीत लिहिलंच नव्हतं. या वेळी वहीत आणखी रकाने आखलेत: बर्फाचं तापमान, आभाळ, वारा, पांढरा थर आहे का, आणि आपल्या आधी किती जण उतरले. शेवटचा रकाना पोरीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलाय.

धार उद्या लावतोय. दगड ड्रेस करून ठेवलाय, बर काढायला बारीक ऑइलस्टोन वेगळा काढलाय. फौजी काका, तुमचं उन्हातलं सांगणं तिच्या आईनं ऐकलंय आणि दुपारी रिंकवरनं खोलीपर्यंत चालताना हात धरायचा असं ठरलंय. लादीवाले भाऊ, पुढच्या आठवड्यात तुमची ती आकडी घेऊन वर्कशॉपवर या, टोक बोथट झालंय, मी करून देतो.

लादीवाला_कोल्हापूर

येतो दादा, मंगळवारी. ती रेघ पडलेली लादी आम्ही तशीच बाजूला ठेवली होती, सकाळपर्यंत निम्मी झाली, पण रेघ दिसत होती.